गाडीची चावी हरवली तर किती खर्च येतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मी नऊ वर्षं काढली. ऑइल बदलायला आलेला माणूस शांत असतो, ठोकलेली गाडी घेऊन आलेला चिडलेला असतो, पण चावी हरवलेला माणूस कावराबावरा होऊन येतो. गाडी धडधाकट उभी असते आणि तरी तिचा काही उपयोग नसतो. तेच ते प्रश्न मला शेकडो वेळा विचारले गेले, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. रकमा साधारण अंदाजाच्या आहेत. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा चासी नंबर सांगितल्यावरच मिळतो.

चावी हरवली. नवी करायला किती पैसे लागतील?

उत्तर देण्याआधी मी नेहमी उलट विचारायचो: दुसरी चावी घरात आहे ना? खर्चाचा खरा फरक इथेच पडतो.

एक चालू चावी हातात असेल तर हिशेब सोपा आहे. चिप नसलेली साधी चावी रस्त्यावरचा चावीवाला १०० ते ३०० रुपयांत कापून देतो. चिप आहे पण रिमोट नाही, अशी चावी कोडिंगसकट, म्हणजे चिपची गाडीशी ओळख करून देण्यासकट, १,५०० ते ३,५०० रुपयांत होते. बटण दाबल्यावर पातं बाहेर येणारी रिमोटची चावी बाहेर ३,००० ते ६,००० आणि शोरूममध्ये ४,००० ते ९,००० रुपयांपर्यंत जाते. पुश स्टार्टच्या, म्हणजे बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीची स्मार्ट की ७,००० ते १५,००० रुपयांच्या घरात, काही मोठ्या एसयूव्हींची त्याहून वर. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी अशा गाड्यांची चावी ३०,००० च्या खाली क्वचितच मिळते.

एकही चावी उरली नसेल तर याच रकमांवर दार उघडण्याचा, गाडी उचलून नेण्याचा, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये चाव्यांची सगळी नोंद नव्याने करण्याचा आणि काही गाड्यांत पूर्ण लॉकसेटचा, म्हणजे दारं, इग्निशन, डिकीच्या सगळ्या कुलपांचा खर्च चढतो. आठ हजारांत आटोपलं असतं ते काम वीस-पंचवीस हजारांवर गेलेलं मी पाहिलं आहे. रक्कम विचारताना त्यात १८ टक्के जीएसटी धरलाय का, हेही लगेच विचारून घ्या. फोनवर सांगितलेला आकडा आणि हातात आलेलं बिल यांतलं अंतर बहुतेक वेळा तेवढंच असतं.

एवढ्याशा चावीला एवढे पैसे कसले?

धातूचे नाहीतच. पातं कापायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पैसे पडतात ते चिपचे आणि त्या चिपची गाडीशी ओळख करून देण्याचे.

जुन्या अॅम्बॅसेडर, पद्मिनी किंवा मारुती ८०० मध्ये खाचा जुळल्या की कुलूप फिरायचं आणि गाडी सुरू व्हायची. आताच्या गाडीत इमोबिलायझर असतो. चावीच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी किंवा काळ्या खडूच्या तुकड्यासारखी एक चिप बसवलेली असते. तिला सेल लागत नाही. चावी इग्निशनमध्ये घातली की कुलपाभोवतीची तारेची कडी साधारण १२५ किलोहर्ट्झची क्षीण लहर सोडते. त्या लहरीतून मिळालेल्या शक्तीवर चिप जागी होते आणि आपली खूण सांगते. खूण गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदीशी जुळली तरच इंजिनाला इंधन मिळतं. नाही जुळली तर स्टार्टर फिरेल, इंजिन क्षणभर धडपडेल आणि बंद पडेल. काही गाड्यांत स्टार्टरसुद्धा फिरत नाही.

म्हणून नवी चावी करायची म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तिची नोंद करायची. त्याला स्कॅनर लागतो, पुष्कळ कंपन्यांत गाडीचा गुप्त पिन लागतो आणि तो पिन कंपनीकडून मागवावा लागतो. बिलात ‘प्रोग्रामिंग’ किंवा ‘कोडिंग’ असं जे लिहिलेलं असतं ते हे काम.

माझ्या चावीत चिप आहे की नाही, कसं ओळखू?

गाडी बंद करून चावी काढली की मीटरवर छोटी गाडी आणि कुलूप, किंवा नुसती चावी अशी लाल खूण लुकलुकते का ते पाहा. तशी खूण दिसली तर इमोबिलायझर आहे. आता एक महत्त्वाचं: चावीवर रिमोटची बटणं नाहीत म्हणजे चिप नाही, असं समजू नका. पुष्कळ लहान गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये साध्या दिसणाऱ्या काळ्या मुठीच्या चावीतही चिप असते. लोक कोपऱ्यावरून शंभर रुपयांची चावी कापून आणतात, तिने दार उघडतं, गाडी मात्र सुरू होत नाही, आणि मग चावीवाल्याने फसवलं म्हणून भांडण होतं. त्या बिचाऱ्याने कापलेली चावी बरोबरच असते.

दुसरी चावी आहे. मग घाई कशाला करायची?

मला सगळ्यात पोटतिडकीने सांगावंसं वाटतं ते इथेच. पहिली चावी हरवल्यावर माणूस म्हणतो, ‘आहे की एक, चाललंय.’ तीच एक चावी वर्षभर चालते आणि एक दिवस ती पण जाते. दोन्ही चाव्या गमावून आलेल्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांची पहिली चावी कधीतरी आधीच हरवलेली असायची.

पुण्याच्या एका कुटुंबाचं उदाहरण सांगतो. गुहागरच्या समुद्रात भिजायला गेले, चावी बर्म्युडाच्या खिशात होती, लाटेबरोबर गेली. सोबत दोन लहान मुलं आणि आजी. त्यांनी मला फोन केला. मी विचारलं, दुसरी चावी? म्हणाले, पुण्यात कपाटात. रात्री त्यांचा भाचा चावी घेऊन निघाला, कुंभार्ली घाट उतरून सकाळी चिपळूण आणि तिथून गुहागरला पोचला. खर्च काय झाला तर त्याच्या प्रवासाचा आणि एका जादा मुक्कामाचा. पुण्यात परतल्यावर आठवडाभरात उरलेल्या चावीवरून नवी चावी करून घेतली आणि समुद्रात गेलेली चावी नोंदीतून काढून टाकली. दुसरी चावी नसती तर त्या गाडीला गुहागरहून पुण्यापर्यंत टोइंगच करावं लागलं असतं आणि त्याचंच बिल चावीच्या कितीतरी पट झालं असतं.

प्रवासाला जाताना दोन्ही चाव्या एकाच पर्समध्ये ठेवू नका, एवढंही सांगून ठेवतो. दुसरी चावी बरोबर न्यायची तर ती दुसऱ्या माणसाकडे असू दे.

दोन्ही चाव्या गेल्या. आता काय करू?

आधी चावीचा नंबर शोधा. गाडी नवी घेतली तेव्हा चाव्यांसोबत धातूची किंवा प्लॅस्टिकची एक छोटी पट्टी मिळालेली असते, तिच्यावर अक्षरं-आकडे कोरलेले असतात. बहुतेकांनी ती चावीलाच अडकवून ठेवलेली असते, म्हणजे चावीबरोबर तीही गेली! तिचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर त्या नंबरावरून पातं कापता येतं. नसेल तर दाराचं कुलूप उतरवून, नाहीतर आतल्या पितळी पट्ट्या वाचून चावी घडवावी लागते.

मग सर्व्हिस सेंटरला चासी नंबर कळवा आणि तीन गोष्टी विचारा: चावी किती दिवसांत येईल, गाडी तिथे आणावीच लागेल का, आणि पैसे आगाऊ किती भरायचे. चावी मागवल्यावर यायला चार दिवसांपासून दोन-तीन आठवडे लागू शकतात. तोवर गाडी सुरक्षित जागी असायला हवी. सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवा, आणि हरवलेली चावी चोरीला गेल्याचा संशय असेल तर पुढच्या चाकाला जॅमर लावा.

गाडी उचलून न्यायची तर फ्लॅटबेडच सांगा, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक. चावी नसताना स्टेअरिंग लॉक असतं, ऑटोमॅटिक गाडी पार्कमध्ये अडकलेली असते. अशी गाडी नुसती ओढून नेली तर गिअरबॉक्सचं नवंच काम निघतं. विम्यासोबत किंवा कंपनीकडून रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर ठरावीक अंतरापर्यंत टोइंग त्यात बसतं. लोकांकडे ते असतं, पण ऐन वेळी आठवत नाही.

शोरूममध्ये करू की बाहेरच्या चावीवाल्याकडे?

मी शोरूमच्या बाजूला बसलेला माणूस, तरी प्रामाणिकपणे सांगतो: दहा-बारा वर्षं जुन्या, साध्या चिपच्या गाडीसाठी चांगला चावीवाला उत्तम. तो मशीन घेऊन दारात येतो, तासाभरात काम करतो, टोइंगचे पैसे वाचतात. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चौकशी केलीत तर हे काम करणाऱ्यांचा पत्ता लागतो.

गाडी वॉरंटीत असेल, पुश स्टार्टची असेल किंवा नव्या पिढीची असेल तर शोरूमलाच जा. कोडिंग अर्धवट बिघडलं तर इंजिनचा किंवा बॉडीचा कंट्रोल युनिट अडकून बसतो आणि मग चावीच्या खर्चापुढे एक शून्य वाढतं.

बाहेरच्या माणसाला काम देताना आधी पूर्ण रक्कम ठरवा. येणं, दार उघडणं, कापणं, कोडिंग, रिमोट, सगळं धरून एकच आकडा. काम झाल्यावर चावीने दार हाताने उघडून पाहा, डिकी उघडा, रिमोट चालवून पाहा, इंजिन सुरू करून दोन मिनिटं चालू ठेवा. हे सगळं करताना ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली ठेवा, म्हणजे गाडी मध्येच लॉक झाली तरी पंचाईत होत नाही. आणि स्कॅनरच्या पडद्यावर गाडीत किती चाव्यांची नोंद दिसते ते स्वतः पाहा. तुमच्या हातात दोन आणि पडद्यावर तीन असं दिसलं तर हरवलेली चावी अजून जिवंत आहे.

कोणती कागदपत्रं लागतात?

आरसी, मालकाचं ओळखपत्र, सहीचा अर्ज. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी चालते. काही ठिकाणी पोलिसांकडची नोंद मागतात. कागद न पाहता चावी करून देणारा माणूस सोयीचा वाटतो, पण उद्या तुमच्या गाडीची चावी तो दुसऱ्या कुणालाही तशीच करून देईल.

गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि ते आता नाहीत. चावीही सापडत नाही.

हा प्रश्न घेऊन आलेल्या माणसाशी बोलताना मलाही जड जायचं. आरसीवरच्या नावाचा माणूस समोर नसल्यामुळे शोरूम सहसा चावी मागवत नाही. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि इतर वारसांची संमती दाखवली तर पुष्कळ ठिकाणी मार्ग निघतो. पण मुळात गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायलाच हवी. मालक गेल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा, असा नियम आहे. विम्याच्या पॉलिसीवरचं नावही त्याच वेळी बदला.

पोलिसांत कळवायलाच हवं का?

चावी नुसती हरवली असेल तर वस्तू हरवल्याची नोंद पुरते. ती पोलिसांच्या पोर्टलवर ऑनलाइनही करता येते. बॅग पळवली, घरफोडी झाली आणि त्यात चावी गेली असेल तर रीतसर गुन्हा नोंदवा. वेळ जातो, कंटाळा येतो, हे खरं. पण हा कागद पुढे विम्यासाठी लागतो.

विमा पैसे देतो का?

नेहमीच्या पॉलिसीत चावी हरवल्याची भरपाई मिळत नाही. त्यासाठी ‘की रिप्लेसमेंट’ किंवा ‘की प्रोटेक्ट’ नावाचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. त्याचा वर्षाचा हप्ता थोडा असतो, पण वर्षातून किती वेळा दावा करता येतो, किती रकमेपर्यंत, किती दिवसांत कळवायचं, लॉकसेट धरलाय की नुसती चावी, हे कंपनीगणिक बदलतं. नवी चावी करून घेतल्यावर दावा टाकायला गेलात तर ‘आधी का नाही कळवलंत’ असं उत्तर मिळू शकतं. म्हणून आधी कळवा, मग चावी मागवा.

यापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दावा मंजूर करण्याआधी गाडीच्या सगळ्या मूळ चाव्या मागते. एकच चावी जमा केलीत तर प्रश्न येतो: दुसरी कुठे आहे? ती गाडीत विसरली होती का? कुणाला दिली होती का? त्या वेळी दोन वर्षांपूर्वी चावी हरवल्याची पोलिसांकडची नोंद आणि नवी चावी केल्याची पावती हे दोनच कागद तुमच्या बाजूने बोलतात. ते नसले की लाखोंचा दावा महिनोन् महिने लटकतो, कधी नाकारलाही जातो. चावी केल्याची पावती आरसीच्या फाइलमध्येच ठेवा.

चावी आत राहिली आणि गाडी लॉक झाली.

नव्या चावीचा खर्च इथे नाही. दार उघडणारा माणूस गाडी, वेळ आणि जागा पाहून ५०० ते २,००० रुपये घेतो. तो दाराच्या फटीत हवेची छोटी पिशवी फुगवून लांब सळईने आतलं बटण दाबतो. काचेच्या रबरातून लोखंडी पट्टी खाली घालायची जुनी युक्ती नव्या गाडीवर करू नका. दारात वायरिंग असतं, काही गाड्यांत एअरबॅगचा सेन्सरही असतो. गाडी कंपनीच्या मोबाइल अॅपला जोडलेली असेल तर आधी अॅपवरून दार उघडून पाहा.

आत मूल, म्हातारं माणूस किंवा जनावर असेल तर मात्र कुणाची वाट पाहू नका. उन्हात उभी असलेली बंद गाडी काही मिनिटांत भट्टीसारखी तापते. ११२ ला फोन करा आणि चावीवाला वेळेत येत नसेल तर काच फोडा. मुलापासून सगळ्यात लांबच्या दाराची काच निवडा आणि काचेच्या मधोमध न मारता कोपऱ्यात मारा, तिथे ती लवकर फुटते. समोरच्या काचेच्या नादी लागू नका, ती दोन थरांची असते, तडे जातात पण मोकळी होत नाही. काचेला चार-पाच हजार लागतील, लागू देत.

नवी चावी केली. लॉकसेट पण बदलायचा का?

नोंदीतून काढलेली जुनी चावी इंजिन सुरू करू शकत नाही, पण तिचं पातं दाराच्या कुलपात अजूनही फिरतं. चावी समुद्रात, विहिरीत, रेल्वेच्या रुळांत गेली असेल तर लॉकसेट बदलण्यात काही अर्थ नाही. घरफोडीत गेली असेल, किंवा चावीसोबत आरसी नाहीतर पत्ता लिहिलेलं काही गेलं असेल तर बदला. दारं, इग्निशन, डिकी मिळून साधारण ५,००० ते १५,००० रुपये लागतात.

रिमोट चालेनासा झाला. नवी चावी घ्यावी लागेल?

बहुतेक वेळा नाही. आधी सेल बदला. सीआर२०३२ सारखा बटणसेल घड्याळजीकडेही ५०-१०० रुपयांत मिळतो. पुश स्टार्टची गाडी सेल उतरला तरी सुरू होते: चावी थेट स्टार्ट बटणाला टेकवून दाबा, किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या खाचेत ठेवा. त्याच चावीच्या पोटात एक लहान धातूची चावी लपवलेली असते, तिने दार उघडतं. नवी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी ती काढून दाखवायचो.

नुसती मूठ फुटली असेल तर नवं कव्हर २०० ते ६०० रुपयांत मिळतं. मात्र जुनं कव्हर फेकण्याआधी चिप काढून घेतली का ते तपासा. ती कचऱ्यात गेली की तुम्ही चावी हरवलेल्यांच्या रांगेत.

अमेरिकेतला भाऊ तिथून स्वस्तात रिमोट पाठवतोय. चालेल का?

सहसा नाही. तिथल्या पुष्कळ गाड्यांचे रिमोट ३१५ मेगाहर्ट्झवर चालतात, आपल्याकडचे ४३३ वर. दिसायला हुबेहूब असले तरी एकमेकांशी बोलत नाहीत. दुसऱ्या गाडीची वापरलेली स्मार्ट कीसुद्धा घेऊ नका. बऱ्याच चाव्या एकदा एका गाडीला जोडल्या की दुसरीला जोडता येत नाहीत.

मेकॅनिक म्हणतो, इमोबिलायझरच काढून टाकू, स्वस्तात होईल.

करू नका. मग कुठलीही कापलेली चावी तुमची गाडी सुरू करेल, आणि चोरी झाल्यावर विमा कंपनीला आयतं कारण मिळेल.

सेकंड हँड गाडी घेताना काय पाहू?

दोन्ही चाव्या हातात घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. एकच मिळत असेल तर त्या मॉडेलच्या नव्या चावीची किंमत शोरूमला विचारून तेवढे पैसे कमी करून घ्या. हा हक्काचा भाव आहे, घासाघीस नव्हे. गाडी नावावर झाल्यावर सगळ्या जुन्या नोंदी पुसून फक्त तुमच्याकडच्या चाव्या पुन्हा नोंदवून घ्या. आधीच्या मालकाच्या ड्रायव्हरकडे एखादी राहिलेली असू शकते.

नवी चावी केल्यावर जुनी सापडली तर?

दिवाणाच्या फटीत, दिवाळीच्या साफसफाईत, जुन्या जाकिटात चाव्या सापडतात, आणि माणूस नव्या चावीच्या पैशांसाठी हळहळतो. ती चावी फेकू नका. नोंदीतून काढलेली असली तरी त्याच गाडीला ती पुष्कळ वेळा पुन्हा जोडता येते, आणि तेव्हा खर्च फक्त कोडिंगचा, साधारण ५०० ते १,५०० रुपये. पुढच्या सर्व्हिसिंगला दोन्ही चाव्या बरोबर न्या, कारण कोडिंग करताना जी चावी हजर नसते ती बऱ्याच गाड्यांत नोंदीतून आपोआप पुसली जाते. एकच घेऊन गेलात तर घरी ठेवलेली नवी चावी बंद पडेल.